घरी शिकणाऱ्या मुलाचं गणित: पुस्तक निवडण्याआधी काय बघायचं

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबं कोल्हापुरात आहेत. थोडी आहेत, पण आहेत. त्यांच्याशी बोलायला बसलं की एक प्रश्न हमखास येतो: "ताई, गणिताला कुठलं पुस्तक लावू सांगा की." भाषेचं आणि परिसर अभ्यासाचं बहुतेकांना आपलं आपण सुचतं. गोष्टी वाचल्या जातात, नदीवर जाणं होतं, बागेतली झाडं ओळखली जातात. गणितापाशी मात्र चांगले शिकलेले आईबापही थबकतात. त्यांची भीती खरी आहे. इतिहासातलं एखादं राज्य शिकायचं राहिलं तर ते पुढे कधीही वाचता येतं. दुसरीत दशक-एकक नीट कळलं नाही, तर पाचवीत दशांश अपूर्णांकाशी गाठ पडल्यावर ते बाहेर येतं, आणि तोवर मूल स्वतःबद्दल "मला गणित जमत नाही" असं ठरवून बसलेलं असतं.

घरी शिकवणं कायद्यात बसतं का, हा दुसरा प्रश्न. हे शहर त्या बाबतीत जुनं जाणतं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी मुलं शाळेबाहेर राहत ती शेतावर किंवा गुरांमागे राबायला, तेव्हा तो दंड योग्यच होता. आजचा शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी त्याने सरकारवर टाकली. त्याचं दहावं कलम मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं म्हणतं, पण ते न केल्यास पालकाला कुठली शिक्षा सांगत नाही. घरी शिकवणारी कुटुंबं या मधल्या जागेत उभी आहेत. म्हणूनच आपलं मूल खरोखर शिकतंय हे स्वतःला आणि जगाला दाखवता येण्याची जबाबदारी त्यांच्यावर जास्त आहे, आणि गणितात ते सगळ्यात लवकर उघडं पडतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पुस्तकाचं नाव शेवटी ठरवा. आधी मूल कुठं उभं आहे ते बघा. मग हातात आलेल्या पुस्तकातलं एखादं अवघड प्रकरण उघडा आणि ते समजावतं कसं ते बघा. आणि ते समजावणं वाचून तुम्हाला स्वतःला उलगडतं का, ते बघा, कारण शिकवणार तुम्ही आहात.

मूल कुठं उभं आहे

इयत्ता थोडा वेळ बाजूला ठेवा. वय नऊ म्हणजे चौथीचं पुस्तक, असं शाळेला करावं लागतं, घरी करण्याची गरज नाही. अर्धा तास शांत बसा, कागद-पेन्सिल घ्या, मार्क देऊ नका, आणि चार-पाच साधी उदाहरणं घाला. उत्तरापेक्षा मूल ते कसं काढतं ते ऐका.

"५२ वजा २७" लिहून द्या. काही मुलं ३५ लिहितात. त्यांनी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो. पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. ज्यानं २५ लिहिलं त्याला विचारा, "दोनातून सात जाईनात, मग काय केलंस?" "शेजारून एक घेतला" एवढंच सांगणारं मूल रीत शिकलेलं आहे. "एक दशक सुटा केला, मग दहा आणि दोन बारा झाले" म्हणणाऱ्याला संख्या दिसते आहे. उत्तर दोघांचंही बरोबर आहे, पण पुढच्या वर्षी दोघांना लागणारं पुस्तक वेगळं आहे.

"तीनशे पाच लिही" म्हणा. ३००५ आलं तर स्थानिक किंमत अजून बसलेली नाही. ८ + ४ = □ + ५ असं लिहून चौकटीत काय येईल विचारा. पुष्कळ मुलं १२ लिहितात, काही १७. बरोबरचं चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिही" असा हुकूम, असं त्यांनी धरलेलं असतं. दोन्ही बाजू सारख्या हव्यात हे ज्याला माहीत आहे तो ७ लिहितो. आठवीत समीकरणं अडतात ती बरेचदा इथंच अडलेली असतात. मोठ्या मुलाला विचारा, ०.३५ मोठं की ०.४? आणि ३/४ मोठा की ३/५? "पाच चारापेक्षा मोठा, म्हणून ३/५" असं उत्तर आलं तर अपूर्णांकाला पहिल्यापासून हात घालायचा.

मराठीत शिकणाऱ्या लहान मुलासाठी एक चाचणी आवर्जून घ्या: संख्या ऐकून लिहिणं. त्रेपन्न, पस्तीस, एकोणसत्तर, नव्याण्णव. आपल्याकडे एकवीसपासून पुढे एकक आधी कानावर येतो आणि लिहिताना दशक आधी लिहायचा असतो. त्रेपन्न ऐकून ३५ लिहिणारं मूल निष्काळजी नसतं. ते जसं ऐकतं तसं लिहितं. त्यातून एकोणसत्तर म्हणजे सत्तराला एक कमी, पण नव्याण्णव म्हणजे नव्वद आणि नऊ. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात "पन्नास तीन", "साठ तीन" अशी वाचनाची पद्धत जोडून दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना संख्यांची धास्ती बसते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पाच-सात वर्षांच्या मुलांबरोबर बसणाऱ्या कुणालाही ते पटावं. घरी शिकवणाऱ्यांना तर यात भांडणाचं कारणच नाही. सुरुवातीचे काही महिने "पन्नास आणि तीन, त्रेपन्न" असं दोन्ही एकदम म्हणा. संख्या डोळ्यांपुढे येऊ लागली की पहिला भाग आपोआप गळून पडतो.

पुस्तकांच्या तीन ठेवणी

गणिताची पुस्तकं वरून सारखी दिसली तरी त्यांच्या आतली मांडणी साधारण तीन प्रकारची असते.

पहिली, वळणावळणाने वर जाणारी. बेरीज, मापन, भूमिती, अपूर्णांक, सगळं दर वर्षी येतं आणि दर वर्षी थोडं खोल जातं. पन्हाळ्याला वर जाताना तीच दरी प्रत्येक वळणावर पुन्हा दिसते, फक्त जरा उंचावरून, तसं. ही कल्पना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० साली मांडली. आपली बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं मुख्यतः याच ठेवणीची आहेत. फायदा असा की एकदा न कळलेलं पुन्हा समोर येतं. तोटा असा की "पुढच्या वर्षी येईलच" म्हणून अर्धवट समजलेलं तसंच पुढे ढकललं जातं. शाळेत चाळीस मुलांपुढे हे होणारच. घरी एकाच मुलाबरोबर बसताना हा तोटा टाळणं तुमच्या हातात आहे: प्रकरण संपलं म्हणून पुढे जायचं नाही, समजलं की जायचं.

दुसरी, एकेक विषय धसास लावणारी. थोडे विषय घ्यायचे, पण पुरते पचेपर्यंत सोडायचे नाहीत. सिंगापूरची प्राथमिक गणिताची पुस्तकं १९८० च्या दशकात तयार झाली ती साधारण या विचाराची. पुढे १९९५ च्या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान चाचणीत सिंगापूरची मुलं पहिली आली, तेव्हा जगभरचे पालक आणि घरशाळावाले या पुस्तकांकडे वळले. त्यांतल्या दोन गोष्टी तुम्ही पुस्तक न विकत घेताही उचलू शकता. एक म्हणजे क्रम: आधी हातात वस्तू, मग तिचं चित्र, आणि मगच आकडे. हाही मुळात ब्रूनर यांचाच विचार. दुसरी म्हणजे पट्ट्यांची आकृती. "आईकडे मुलीच्या तिप्पट पैसे आहेत, दोघींचे मिळून ४८० रुपये, तर मुलीकडे किती?" मुलीची एक पट्टी काढा, आईच्या तिच्याएवढ्याच तीन काढा. सारख्या चार पट्ट्या मिळून ४८०, म्हणून एक पट्टी १२०. तिसरी-चौथीतलं मूल हे करतं. तेच मूल सातवीत पट्टीच्या जागी क्ष लिहितं, आणि बीजगणित त्याला परकं वाटत नाही. शाब्दिक उदाहरण दिसलं की "बेरीज करू की गुणाकार?" असं विचारणाऱ्या मुलांसाठी मला यापेक्षा चांगला उपाय माहीत नाही.

तिसरी ठेवण बारीक बारीक घासांची. रोज एक छोटा नवा मुद्दा आणि खाली मागच्या सगळ्या मुद्द्यांवरची मिसळून दिलेली उदाहरणं. अमेरिकेतली सॅक्सन नावाची पुस्तकमाला यासाठी ओळखली जाते. विसराळू मुलांना आणि रोजची ठरलेली शिस्त आवडणाऱ्यांना हे मानवतं. "हे असं का?" विचारत राहणारं मूल मात्र यात कंटाळतं.

कुठली ठेवण श्रेष्ठ, यावर मोठमोठे वाद आहेत. मला वाटतं घरी शिकवणाऱ्याने त्यात वेळ घालवू नये. एक ठेवण मुख्य धरावी आणि तिची उणीव स्वतः भरून काढावी. वळणाची पुस्तकं असतील तर एकेका प्रकरणाला जास्त दिवस द्या. एकेक विषय धसास लावणारी असतील तर आठवड्यातून एक दिवस जुन्याची उजळणी ठेवा.

अपूर्णांकाचं प्रकरण उघडा

नव्या पुस्तकाची पारख करायला पहिलं प्रकरण बघू नका. पहिलं प्रकरण सगळ्यांचंच गोड असतं. अपूर्णांकावरचं उघडा, आणि त्यातही भागाकार.

अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, ही रीत आपण सगळ्यांनी पाठ केली. ती का चालते, हे किती जणांना सांगता येईल? लिपिंग मा या संशोधिकेने १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना एकच प्रश्न दिला: पावणेदोन भागिले अर्धा किती, आणि यावर एखादी व्यवहारातली गोष्ट रचा. २३ अमेरिकी शिक्षकांपैकी फक्त ९ जणांचं उत्तर बरोबर आलं. चीनमधल्या ७२ च्या ७२ शिक्षकांचं आलं, आणि बहुतेकांना गोष्टही रचता आली. ही मंडळी रोज गणित शिकवणारी होती. तेव्हा तुम्हाला जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, पण पुस्तक निवडताना ते तुम्हालाही शिकवणारं निवडा.

आता हेच कोल्हापुरात आणा. पावणेदोन किलो गूळ आहे, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या करायच्या. किती होतील? माझ्यासमोर बसलेल्या एका दहा वर्षांच्या मुलीने बोटांवर मोजलं: तीन पिशव्या म्हणजे दीड किलो, उरला पाव किलो. आणि पटकन म्हणाली, "सव्वातीन!" मी म्हटलं, "उरलेला पाव किलो पिशवीत घाल बघू. पिशवी किती भरली?" ती गप्प झाली, मग म्हणाली, "अर्धी. म्हणजे साडेतीन." अपूर्णांकांच्या भागाकाराचं सगळं मर्म यात आलं. उरलेलं किलोत मोजलं तर पाव, पिशवीत मोजलं तर अर्धं. आता "पावणेदोन किलोत अर्धे किती?" हे तिला दिसतं, आणि एका किलोत असे दोन अर्धे बसतात म्हणून दोनाने गुणायचं, हेही. उलटा करून गुणण्याची रीत तिला महिन्याभराने सांगितली तरी चालेल.

तेव्हा पुस्तकात हे शोधा. अपूर्णांक फक्त पोळीचे तुकडे म्हणून दाखवलाय, की संख्यारेषेवर एक संख्या म्हणूनही? बेरीज-वजाबाकी सुरू करण्याआधी लहान-मोठा ओळखायला पुरेशी जागा दिली आहे का? सममूल्य अपूर्णांक चित्रातून आलेत की "वर-खाली एकाच संख्येने गुणा" या सूचनेतून? भागाकाराला एखादी गोष्ट आहे का? रीत आधी आणि कारण नंतर, किंवा कारण मुळीच नाही, असं पुस्तक सरावाला ठेवा, शिकवायला नको.

आपल्या हाताशी एक फुकटचं भांडवल आहे, तेही वापरा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द मूल शाळेच्या वयाआधीपासून भाजीच्या दारात ऐकत असतं. घरात सत्तरी-ऐंशी ओलांडलेलं कुणी असेल तर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे म्हणायला सांगा. पाऊण गुणिले बारा त्यांच्या तोंडून नऊ म्हणून सहज येतं. हे पाठ करून घ्या असं मी म्हणत नाही. मुलाने ते ऐकावं आणि "बाराचा पाऊण नऊ कसा?" म्हणून चार-चार-चार असे नव्हे तर तीन-तीन-तीन-तीन असे खडे मांडून बघावं, एवढं पुरे.

हाताशी काय काय आहे

बालभारती १९६७ सालापासून पुस्तकं काढते आहे. तिची गणिताची पुस्तकं स्वस्त आहेत, संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, आणि शुद्ध मराठी परिभाषेत आहेत. लहान इयत्तांच्या पुस्तकांत शिक्षकांसाठी पानाखाली सूचना असतात. त्या पालक वाचत नाहीत, आणि तिथंच खरं शिकवणं दिलेलं असतं. मराठीत शिकवणार असाल तर हेच मुख्य पुस्तक ठेवा, असं मी निःसंकोच सांगते. त्यात कमतरता सरावाच्या विविधतेची आहे, ती भरून काढता येते.

एनसीईआरटीची पुस्तकं हिंदी, इंग्रजी, उर्दूत आणि तीही फुकट. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाचा विचार गणिती व्हावा हे मुख्य उद्दिष्ट ठरवलं होतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर २०२३ पासून इयत्तेमागून इयत्ता नवी पुस्तकं येत आहेत. सहावीचं 'गणित प्रकाश' मला विशेष वाटतं. संख्यांची कोडी, आकृतिबंध, भारतीय गणिताचा इतिहास, आणि मुलाला विचार करायला सोडलेल्या रिकाम्या जागा त्यात आहेत. इंग्रजी जमत असेल तर बालभारतीच्या जोडीला हे ठेवा.

परदेशी पुस्तकं मागवायची तर खर्च हजारांत जातो. त्यांचा मोठा गुण म्हणजे सोबतचं शिक्षक-पुस्तक: रोज काय बोलायचं, काय मांडायचं, मूल कुठं चुकेल, सगळं लिहिलेलं. ज्या आईबापांना गणिताची स्वतःलाच धास्ती आहे त्यांना याचा मोठा आधार होतो. पण मागवण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्या. तिथं संख्या हजारांवरून दशलक्षांकडे जातात, स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी पडतो. आपल्या मुलाला लाख-कोटी वेगळे शिकवावे लागतात, नाहीतर १,००,००० आणि १००,००० यांत ते गोंधळतं. आणि अमेरिकी पुस्तकांत पौंड, औंस, गॅलन असतात, ते आपल्या स्वयंपाकघरात कुठंच नाहीत.

माध्यमाचाही निर्णय इथंच करा. शाळेत जाणारी मुलं सेमी-इंग्रजीला गेली, म्हणजे गणित इंग्रजीतून शिकू लागली, की अपूर्णांकाचं फ्रॅक्शन होतं आणि लघुत्तम साधारण विभाज्याचं एलसीएम. घरी शिकणाऱ्या मुलाने सुरुवातीची समज घरच्या भाषेत करावी, आणि चौथी-पाचवीपासून एक वही ठेवावी, डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी, मध्ये आकृती. ही वही दहावीपर्यंत उपयोगी पडते.

अबॅकस आणि वैदिक गणिताच्या वर्गांविषयी पुष्कळ विचारणा होते. त्यातून हाताला आणि डोक्याला वेग येतो, मुलांना मजाही येते. पण तो अभ्यासक्रम नव्हे. त्यात मापन नाही, भूमिती नाही, अपूर्णांकाची समज नाही, शाब्दिक उदाहरणाची उकल नाही. ज्या मुलाला दशक सुटा करणं कळलेलं नाही त्याला वेग दिला तर ते चुकीचं उत्तर लवकर काढेल. समज आल्यावर, आवड म्हणून, जरूर घाला.

वस्तूंना पैसे लागत नाहीत. आगपेटीतल्या काड्या दहा-दहाच्या जुड्या बांधून, शंभर मण्यांची माळ दहा-दहाचे रंग आलटून पालटून ओवून, चिंचोके, कागदाच्या पट्ट्या. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने आनंददायी शिक्षणाची वाट दाखवली. मुलाच्या भोवतीचं जग अभ्यासात आणायचं, ही गोष्ट या गावाला नवी नाही.

त्याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी किती, हे घरोघरी बघितलं जातं. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, हे मुलांनाही माहीत असतं. समजा सकाळी पातळी ३१ फूट ७ इंच होती आणि संध्याकाळी ३३ फूट २ इंच. किती वाढली? दशांश नुकतेच शिकलेलं मूल ३३.२ मधून ३१.७ वजा करून दीड सांगतं. खरं उत्तर १ फूट ७ इंच. फूट सुटा केला की दहा नव्हे, बारा इंच मिळतात. दशक सुटा करणं ज्याला खरंच कळलंय त्याला हे लगेच उमगतं, आणि ज्यानं नुसती रीत पाठ केलीय ते इथं सापडतं. पुढे विचारा, इशारा पातळीला किती उरलं? ५ फूट १० इंच. आठवडाभराच्या पातळ्या चौकटीच्या कागदावर टिंबांनी मांडल्या की आलेख झाला. शेतकरी घरात गुंठा घ्या: ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट, असे ४० गुंठे म्हणजे एकर. दोरी घेऊन अंगणात किंवा वावरात एक गुंठा आखून बघितलेलं मूल क्षेत्रफळ आणि परिमिती यांत सहसा घोटाळा करत नाही. डेअरीची दुधाची पावती आणा, त्यावर लिटर, फॅट, दर, सगळे दशांश आहेत.

हे सगळं पुस्तकाच्या जोडीला, पुस्तकाऐवजी नाही. व्यवहारातून गणित आपोआप येतं, असं मानून पुस्तक पूर्ण सोडणारे पालकही असतात. व्यवहारात बेरीज येते, टक्केवारी येते. त्रिकोणाची एकरूपता किंवा विभाज्यतेच्या कसोट्या बाजारात भेटत नाहीत. क्रमाने वर नेणारं काहीतरी लागतंच.

रोज किती वेळ? लहानांना अर्धा तास, दहा-बारा वर्षांच्यांना पाऊण तास, एकाग्र असेल तर भरपूर झाला. पाढे पाठ हवेत, माझं याबाबत दुमत नाही, पण खडे मांडून समजल्यावर.

पुस्तक बदलावं कधी? दर जूनला नवं काहीतरी आणण्याची हौस आवरा. मूल पानामागून पान बरोबर सोडवतंय, पण "का?" विचारलं की गप्प होतंय, तर बदला. रोज रडारड होत असेल तर आधी एक-दोन इयत्ता मागे जाऊन बघा. बरेचदा पुस्तक ठीक असतं, सुरुवात चुकीच्या जागी झालेली असते. बदलताना दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवा. एकात अपूर्णांक होऊन गेले आणि दुसऱ्यात भूमिती आधी होऊन गेली, असं असेल तर मध्ये भोक पडतं.

दहावीचा रस्ता आधी ओळखा

अकरा-बारा वर्षांपर्यंत कुठल्याही चांगल्या पुस्तकाने चालतं. त्यानंतर परीक्षा कुठली द्यायची हे ठरवून पुस्तक निवडावं लागतं, कारण मंडळामंडळांचा अभ्यास वेगळा आहे.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची दहावी चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला देता येते, मराठी माध्यमातूनही. वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा होते, आणि विषय एकेक करून देता येतात. तिथं गणित सक्तीचं नाही. पण पुढे विज्ञान किंवा तंत्रशिक्षणाकडे जाण्याची थोडीही शक्यता असेल तर गणित सोडू नका. त्याआधीच्या टप्प्यांसाठी तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या परीक्षाही या संस्थेकडे आहेत.

राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा अर्ज भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. कोल्हापूर हे मंडळाचं विभागीय ठिकाण आहे, सांगली आणि साताराही त्यातच येतात, म्हणून चौकशीला पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. या अर्जाला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. जे मूल शाळेत कधी गेलंच नाही त्याच्या पालकांनी हे आठवी-नववीच्या वयाला नव्हे, बरंच आधी विचारून घ्यावं. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीची परीक्षा ही त्यासाठीची एक वाट आहे. सीबीएसईची दहावी अशी बाहेरून देण्याची सोय घरी शिकणाऱ्यांना सहसा मिळत नाही, तेव्हा एनसीईआरटीची पुस्तकं शिकायला वापरा, त्या परीक्षेच्या भरवशावर राहू नका. केंब्रिजची परीक्षा खाजगी उमेदवार म्हणून देता येते, खर्च मात्र खूप येतो.

राज्य मंडळाच्या दहावीत गणिताचे दोन भाग आहेत. पहिला बीजगणिताचा, दुसरा भूमितीचा, प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा आणि दोन्ही मिळून २० गुण अंतर्गत. पहिल्यात दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. दुसऱ्यात समरूपता, पायथागोरसचं प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. दुसऱ्या कुठल्या पुस्तकावर वाढलेल्या मुलाची आठवीच्या सुमारास हे दोन्ही भाग पुढ्यात ठेवून पडताळणी करा. अर्थनियोजनात जीएसटी आणि शेअरचे व्यवहार येतात, ते परदेशी किंवा एनसीईआरटीच्या शालेय गणितात त्या रूपात नाहीत, आणि कंपास-पट्टीने करायच्या रचनांचा सरावही बहुधा कमी झालेला असतो. या दोन प्रकरणांसाठी नववीतच वेळ काढून ठेवा.